टेस्टचा ‘अपेक्षित निकाल’ साठवून रोज जुळवायचा, ह्याचा खरंच काही उपयोग होतोय का?

मांजराकाठ
राम राम मंडळी. लातूरहून लिहायलोय. आम्ही चौघं जण आहोत, मेडिकलच्या वर एक खोली भाड्यानं घेऊन आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो, म्हणजे आवक लिहायची, तोल टाकायचा, हमाली अन् माल तोलायची मजुरी म्हणजे तोलाई कापायची अन् शेवटी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, छापायची. आधी फॉक्सप्रो ह्या जुन्या भाषेत होतं, दोन वर्षांखाली सगळं पायथन भाषेत नव्यानं लिहिलं.

तर टेस्टसाठी, म्हणजे कोड बदलला तरी प्रोग्राम नीट चालतोय का ते तपासायला, आम्ही काय केलंय, ३४० पट्ट्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवून ठेवल्यात. रोज संध्याकाळी प्रोग्राम त्या ३४० पट्ट्या परत बनवतो अन् साठवलेल्याशी डिफ मारतो, म्हणजे फरक काढतो. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. दिसायला लई भारी आहे. पण परवा आमच्यातल्या नव्या पोरानं पट्टीवरचं ‘हमाली’ हे हेडिंग बदलून ‘हमाली व तोलाई’ केलं अन् ३४० च्या ३४० लाल. मग त्यानं काय केलं, अपडेटची कमांड मारली, सगळ्या जुन्या फाइली नव्यानं लिहून निघाल्या, कमिटला, म्हणजे बदल साठवतानाच्या नोंदीत, ‘टेस्ट दुरुस्त’ असं लिहिलं अन् चहाला गेला. मी बी बघितलं नाही खोटं कशाला बोलू, ३४० फाइलींचा डिफ कोण वाचतंय.

रात्री झोपताना डोक्यात आलं की त्या ३४० मध्ये एखाद्या पट्टीची रक्कम बदलली असती तरी ती बी तशीच आत गेली असती की. मग ह्या टेस्टचा उपयोग काय? काढून टाकाव्या का? तुमच्याकडं कसं करतेत सांगा.

बालाघाट
आमच्याकडं त्या कमांडला ‘सरसकट कर्जमाफी’ म्हणतेत.

देवगिरी
@बालाघाट 😂😂

धागाकर्ते, पोराचं काही चुकलेलं नाही. एक हेडिंग बदललं म्हणून ३४० टेस्ट लाल होतात हीच मांडणी चुकलेली आहे. हेडिंग तपासायला एक पट्टी पुरे. बाकी ३३९ फाइलींमध्ये फक्त आकडे ठेवा, वजन, भाव, कपात, निव्वळ रक्कम, बस. कागदावर कसं दिसतं ते वेगळं अन् हिशोब किती येतो ते वेगळं. दोन्ही एकाच फाइलीत कोंबलं की रोज बोंब होणार, अन् रोज बोंब झाली की माणूस कानात बोळे घालतो.

टेस्टवाली ताई
मी मूळ परभणीची, सध्या पुण्यात, बारा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

ह्या प्रकाराला कुणी गोल्डन फाइल म्हणतं, कुणी स्नॅपशॉट, कुणी अप्रूव्हल टेस्ट. नावं वेगळी, गोष्ट एकच. आणि सगळीकडे रडगाणंही एकच, की दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी आउटपुटमध्ये असतात. पावती क्रमांक, छापल्याची वेळ, कुठलातरी रँडम आयडी. त्या झाकाव्या लागतात, म्हणजे जुळवायच्या आधी तारखेच्या जागी ‘तारीख’ असा शब्द टाकायचा, मग जुळवायचं.

आता आमचा किस्सा ऐका. एका टीममध्ये एकानं हे झाकायचं काम रेगेक्सनं, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधायच्या सूत्रानं केलं. त्याला तारखा झाकायच्या होत्या, वेळ झाकायची होती, बिल नंबर झाकायचा होता, तीन वेगळी रेगेक्स लिहायचा कंटाळा आला म्हणून त्यानं एकच लिहिलं, जिथं आकडा दिसेल तिथं फुली. टेस्ट इतक्या छान हिरव्या झाल्या की सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. सहा महिने हिरव्या! बिलाची रक्कमही आकडाच असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शून्य रुपयांचं बिल निघालं तेव्हा कळलं 🙂

म्हणून माझा नियम, फाइल झाकून झाली की ती एकदा डोळ्यांनी वाचायची आणि विचारायचं, ह्यात आता उरलंय काय. आणि टेस्ट नवी लिहिली की कोडमध्ये मुद्दाम एक चूक घालून बघायची. लाल झाली नाही तर ती टेस्ट नाहीच.

गोदातीर
नांदेडहून. माझं मत थोडं कडू आहे, आधीच माफी. ह्या स्नॅपशॉट टेस्ट म्हणजे आळशी माणसाची टेस्ट. काय अपेक्षित आहे ते मला माहीत नाही, मी विचारही करणार नाही, प्रोग्रामनं जे ओकलं ते डब्यात भरून ठेवतो अन् उद्या तेच ओकला का बघतो. अरे पण कालचं तरी बरोबर होतं का? सरळ लिहा ना, १० क्विंटल, भाव इतका, कपात इतकी, तर निव्वळ रक्कम इतकी आली पाहिजे. हातानं हिशोब करा, टेस्टमध्ये लिहा. वीस अशा टेस्ट तुमच्या ३४० फाइलींच्या बापाला भारी पडतील.

बालाघाट
@गोदातीर हे म्हणजे लातूर पॅटर्न झालं की. क्लासवाल्यानं छापलेल्या उत्तरतालिकेशी जुळलं की पोरगं हुशार, तालिका कुणी तपासली ते विचारायचं नाही.

मांजराकाठ
@बालाघाट ओ, लातूर पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत, आमच्या गल्लीचं अर्ध भाडं त्याच्यावर चालतंय 😄

जुना मुनीम
गोदातीर, तुमचं बोलणं नवीन कोडला शंभर टक्के लागू. पण जुना कोड कधी सांभाळलाय का? मी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षापासून, म्हणजे २०१६ पासून एक पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळायलोय. ज्यानं लिहिलं तो माणूस नोकरी सोडून गेला, कागद नाही, पत्र नाही, आत अकराशे ओळींचं एकच फंक्शन. त्यात काय ‘बरोबर’ आहे हे मालकालाही सांगता येत नाही, एवढंच माहीत की दर महिन्याला पगार होतो अन् कुणी भांडायला येत नाही. तिथं हातानं हिशोब करून टेस्ट लिहायला मला नियमच माहीत नाहीत.

अशा वेळी आहे तसं आउटपुट पकडून ठेवणं हाच एक दोर असतो. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणाऱ्या मायकेल फेदर्सनं ह्याला ‘कॅरॅक्टरायझेशन टेस्ट’ असा शब्द दिलाय. कोड बरोबर आहे का ते ती टेस्ट सांगतच नाही, कोड आज कसा वागतोय तेवढं नोंदवते. मग तुम्ही अकराशे ओळींचे तुकडे करायला मोकळे, हात लावला अन् वागणं बदललं की लगेच कळतं. घर पाडून बांधायच्या आधी पंचनामा करतात तसं.

पण मांजराकाठ दादा, तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या ३४० पट्ट्या साठवल्या त्या कुठल्या प्रोग्रामच्या? जुन्या फॉक्सप्रोच्या का नव्या पायथनच्या?

वाचनमात्र
धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे.

हत्तीवाला
पोस्टग्रेस ह्या हत्तीचं चिन्ह असलेल्या डेटाबेसवर काम करतो म्हणून हे नाव, कुणी गैरसमज करून घेऊ नये.

गोदातीर म्हणतात आळशी माणसाची टेस्ट, तर पोस्टग्रेसची स्वतःची मुख्य टेस्ट अशीच आहे. सोर्समध्ये रिग्रेसचा फोल्डर उघडून बघा, ‘एसक्यूएल’ नावाच्या फोल्डरात क्वेऱ्या, ‘एक्स्पेक्टेड’ नावाच्या फोल्डरात साठवलेलं उत्तर. टेस्ट चालवली की ‘रिझल्ट्स’ फोल्डरात नवं आउटपुट पडतं आणि दोन्हींचा डिफ एका फाइलीत गोळा होतो. इतकं साधं. वर्षानुवर्षं चालू आहे.

त्यातली एक गोष्ट फार आवडते मला. काही ठिकाणी मशीन किंवा सेटिंग वेगळं असलं की उत्तर वेगळं पण बरोबरच येतं. तिथं ते एका टेस्टला दोन-तीन एक्स्पेक्टेड फाइली ठेवतात, नावाच्या शेवटी एक, दोन असे आकडे लावून. कुठल्याही एकीशी जुळलं की पास. कुठलीच जुळली नाही तर जिच्याशी कमीत कमी फरक आहे तिचा डिफ दाखवतात.

आणि धागाकर्त्यांना फुकट सल्ला: पट्ट्यांची यादी डेटाबेसमधून काढत असाल तर ऑर्डर बाय लिहिलंय ना? नसेल तर आज ज्या क्रमानं ओळी आल्या त्याच क्रमानं उद्या येतील ह्याची हमी डेटाबेस देत नाही. एखादी ओळ अपडेट झाली की ती खाली जाऊन बसू शकते आणि तुमची टेस्ट उगाच लाल.

मांजराकाठ
ऑर्डर बाय आहे. आता आहे म्हणा. मागच्या दिवाळीत दोन रात्री त्याच्यातच गेल्या.

पैठणी
आमची रडकथा ऐका, मी छत्रपती संभाजीनगरला. एक टेस्ट लाल. डिफ उघडला तर दोन ओळी वर-खाली, एक लाल एक हिरवी, अन् दोन्ही ओळी अगदी सारख्या! ‘शेतकऱ्याचे नाव’ अन् खाली ‘शेतकर्‍याचे नाव’. अर्धा दिवस स्क्रीनला नाक लावून बसले. स्पेस बघितली, टॅब बघितला, विंडोजच्या ओळशेवटाचा घोळ असेल म्हणून गिटमधलं ओळशेवट आपोआप बदलायचं सेटिंग बंद करून बघितलं. काही नाही. शेवटी एकेक अक्षराचा कोड छापला तेव्हा कळलं. ते ‘ऱ्य’ दोन तऱ्हेनं टाइप होतं. एक म्हणजे टिंबवाला ऱ, हलन्त अन् य. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे अन् मग य. दिसायला दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. एका पोरीचा कीबोर्ड वेगळा, दुसऱ्याचा वेगळा.

हत्तीवाला
युनिकोड नॉर्मलायझेशन करा की, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी होतात.

पैठणी
@हत्तीवाला केलं ना दादा. तिथंच तर गंमत आहे. र अन् त्याच्या खाली वेगळा नुक्ता दिला तर नॉर्मलायझेशन त्याचा ऱ करतं. पण हा झेडडब्ल्यूजेवाला प्रकार त्याच्या हिशोबात सारखा नाहीच, तो तसाच राहतो. शेवटी जुळवायच्या आधी स्वतःचा एक नियम लिहिला, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ-हलन्त करायचं. अन् नुसतं टेस्टमध्ये करून भागत नाही बरं का, डेटा आत घेतानाच करावं लागतं, नाहीतर शोधल्यावर अर्धे शेतकरी सापडतच नाहीत. खरं तर टेस्ट लाल झाली म्हणून तो शोधाचा बग सापडला आम्हाला.

बालाघाट
म्हणजे शेतकरी शब्दच कुणाशी जुळेना 😐

जुना मुनीम
इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांना हा त्रास कमी, शिफ्ट धरून जे दाबलं की सरळ ऱ येतो. मी इनस्क्रिप्टवरच शिकलेला माणूस, पोरं हसतात, पण माझ्या फाइलीत हा घोळ कधी झाला नाही.

गोदातीर
अवांतर: पूर्वी ते फॉन्टवालं मराठी असायचं, फॉन्ट नसला की सगळी पट्टी इंग्रजी शिव्या दिल्यासारखी दिसायची. तेव्हापेक्षा हे बरंच म्हणायचं.

तुळजाई
नाव-गावाचं निघालंच आहे तर आमचंही घ्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर अन् उस्मानाबादचं धाराशिव झालं. आमच्या टेस्टच्या साठवलेल्या फाइलींत जिल्हा जागोजागी. मास्टर टेबलमध्ये दोन ओळी बदलल्या अन् एकूण एक लाल. मग सगळ्यांनी मिळून शोधा अन् बदला मारलं. नंतर कळलं की २०२३ च्या आधीच्या जुन्या दाखल्यांची नक्कल काढताना त्यावेळचंच नाव छापायचं होतं. ते बी बदलून बसलं होतं अन् टेस्ट हिरव्या, कारण अपेक्षित निकालच आपण हातानं बदललेला. शेतातला बांध आपणच सरकवायचा अन् मोजणी बरोबर आली म्हणायचं, तसं झालं.

देवगिरी
@तुळजाई हा किस्सा आमच्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे.

रात्रपाळी
अजून एक ध्यानात ठेवा, वेळ. आमची एक टेस्ट दिवसा पास व्हायची अन् मी रात्री बसलो की फेल. सगळे म्हणायचे तुझ्या लॅपटॉपलाच काहीतरी झालंय. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. आपण साडेपाच तास पुढं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. म्हणून पट्टीवर कालची तारीख अन् टेस्ट लाल. दिवसा काम करणाऱ्या माणसाला हा बग जन्मात दिसला नसता.

तेव्हापासून टेस्टमध्ये घड्याळ आम्हीच देतो, ठरावीक तारीख, ठरावीक वेळ. खऱ्या घड्याळाला विचारायचंच नाही.

पैठणी
नोडवाले, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे, कुणी असतील तर हे बी: मराठी लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, देऊन आकडा छापला की देवनागरी आकडे येतात, १२,३४,५६७ असे. पण नोड तेराच्या आधी आत फक्त इंग्रजीचीच माहिती भरलेली असायची. त्यामुळं जुन्या सर्व्हरवर तेच कोड इंग्रजी आकडे अन् तीन-तीनवर स्वल्पविराम छापायचा. माझ्याकडं पास, सर्व्हरवर फेल. अन् नोड वीस आला तेव्हा इंग्रजी वेळेत पीएमच्या आधीची साधी स्पेस जाऊन एक वेगळीच बारीक स्पेस आली, ती बी दिसत नाही! किती जणांचे स्नॅपशॉट फुटले तेव्हा.

सोयाबीन कंपायलर
धागा आडतीचा आहे म्हणून विचारतो, सोयाबीनला काय भाव चाललाय लातूरला?

मांजराकाठ
@सोयाबीन कंपायलर २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता कागदावर. बाकी काय विचारू नका, पोट दुखतंय.

सोयाबीन कंपायलर
बरं मग कामाचं बोलतो. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा मोजतात बघा, १२ टक्क्यांपर्यंत चालतं. बरोबर १२.०० पाहिजे असं कुणी म्हणत नाही. टेस्टमध्ये दशांशाचे आकडे असले की तसंच करावं, तंतोतंत जुळवू नये, थोडी सूट ठेवावी. ०.१ अन् ०.२ ची बेरीज कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ सांगतो, त्याला टेक्स्ट डिफ मारला की फेल होणारच.

जुना मुनीम
वजनाला सूट चालेल. पैशाला अजिबात नाही! रकमेत एका पैशाचाही फरक आला तर तो लालच दिसला पाहिजे. आज एक पैसा सोडला की उद्या कुणीतरी ती सूट एक रुपयाची करतो, लाल घालवायला. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठणाऱ्या दशांशात ठेवायचेच नाहीत, डेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार वापरा नाहीतर सगळं पैशांत पूर्णांक.

आणि मांजराकाठ दादा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. जुन्याच्या का नव्याच्या?

टेस्टवाली ताई
@गोदातीर, तुमच्या मुद्द्यावर परत येते. अप्रूव्हल टेस्टची जी लायब्ररी आहे तिच्यात दोन फाइली असतात. प्रोग्रामनं दिलेली ‘रिसीव्हड’ आणि माणसानं मान्य केलेली ‘अप्रूव्हड’. पहिली वाचून, पटली तर दुसरी करायची. ही मधली पायरी महत्त्वाची आहे, तीच लोक गाळतात. जेस्ट ह्या जावास्क्रिप्टच्या टेस्ट साधनात २०१६ साली स्नॅपशॉट आले आणि पहिल्यांदा टेस्ट चालवली की तो आपोआप लिहून मोकळा व्हायला लागला, त्यानं सोय झाली पण ‘मान्य कुणी केलं’ हा प्रश्नच पुसला गेला. निदान आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर तरी सीआयचा फ्लॅग लावा म्हणजे तिथं नवा स्नॅपशॉट गुपचूप लिहिला जात नाही.

हत्तीवाला
रस्ट भाषेच्या कंपायलरमध्ये त्या अपडेट कमांडला ‘ब्लेस’ म्हणतात. म्हणजे आशीर्वाद. कर्जमाफीपेक्षा जरा सोवळं नाव.

देवगिरी
आम्ही एक केलंय, कुणाला उपयोग झाला तर बघा. अपेक्षित फाइली बदलायच्या असतील तर त्याचा कमिट वेगळा, कोडचा वेगळा. अन् त्या कमिटमध्ये एका वाक्यात लिहायचं की काय बदलणं अपेक्षित होतं. ‘फक्त हेडिंग’ असं लिहिलं अन् डिफमध्ये एकही आकडा हलला असेल तर मर्ज नाही, म्हणजे बदल मुख्य कोडात घ्यायचा नाही. ते तपासायला बारकी स्क्रिप्ट आहे, बदललेल्या ओळींतले आकडे काढते अन् आधीचे-नंतरचे जुळवते.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक मालावरचे १२ अन् २८ चे टप्पे गेले, त्या दिवशी आमच्या सगळ्या बिलांच्या टेस्ट लाल व्हायलाच पाहिजे होत्या. दोन हिरव्या राहिल्या. त्या दोन फाइलींनीच बग दाखवला, दर कोडमध्ये हातानं लिहिलेला होता. म्हणजे कधीकधी हिरवं बी वाचावं लागतं.

गोदातीर
देवगिरींचा हा मुद्दा मान्य. मी थोडा खाली उतरतो, सगळ्याच आळशी नाहीत. पण माझं मूळ म्हणणं कायम आहे, हातानं केलेल्या वीस हिशोबांशिवाय ३४० फाइली म्हणजे नुसती रद्दी.

मांजराकाठ
मंडळी आठ दिवस गायब होतो. मुनीमजींचा प्रश्न टाळत होतो ते खरं आहे. आता सगळंच सांगतो.

३४० पट्ट्या नव्या पायथन प्रोग्रामच्या आहेत. झालं असं की तेव्हा फॉक्सप्रोचं मशीन बंद पडायला आलेलं, घाई होती, नवा प्रोग्राम चालू झाला, चार-पाच पट्ट्या आडत दुकानाच्या मालकाला दाखवल्या, मालक म्हणाले बरोबर आहे. मग आम्ही त्या दिवशी जे आलं तेच ‘अपेक्षित’ म्हणून साठवलं. जुना मुनीम यांनी विचारल्यावर पोटात गोळा आला होता म्हणून गप बसलो.

सोमवारी दुकानात गेलो. मालकाला म्हणलं जुन्या पट्ट्यांच्या कार्बन कॉपी आहेत का. फडताळात होत्या, उंदरानं कडा खाल्लेल्या. तिथंच एक मापाडी, म्हणजे माल तोलणारे, काका बसले होते, ते म्हणले पट्ट्या कशाला बघायलास, माझी वही बघ. तुझं कॉम्प्युटर आल्यापासून माझी तोलाई कमी पडायलीय, मी दोनदा सांगितलं मालकाला, मालक म्हणतेत कॉम्प्युटर चुकत नसतंय.

मी वही घेतली. तोलाई कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, अडीच रुपये, पट्टीवर रुपयात गोल करून लिहायची. ७ कट्टे म्हणजे साडेसतरा, काकांच्या वहीत १८, माझ्या पट्टीवर हमाली वजा केली की १८. बरोबर. ५ कट्टे म्हणजे साडेबारा, काकांच्या वहीत १३, माझ्या पट्टीवर १२. मी म्हणलं असं कसं, एकीकडं वर जातंय एकीकडं खाली. घरी येऊन बघितलं तर पायथनचा राउंड. बरोबर अर्धा आला की तो जवळच्या सम आकड्याकडं जातो. साडेबाराचे १२, साडेसतराचे १८, अडीचचे २, साडेसातचे ८. म्हणजे १, ५, ९, १३ कट्टे असले की काकांचा एक रुपया कमी. फॉक्सप्रोच्या कार्बन कॉपीवर बघितलं, तिथं १३ च आहेत.

३४० पैकी ८३ फाइलींत हीच चूक. दोन वर्षं रोज संध्याकाळी आमची टेस्ट तपासत होती की चूक नीट, न चुकता होतेय का.

बालाघाट
😶

जुना मुनीम
दादा मनाला लावून घेऊ नका. प्रामाणिकपणे लिहिलंत हेच पुष्कळ. दुरुस्त करताना एक सांभाळा, मी डेसिमल वापरा म्हणलो होतो पण डेसिमललाही मुळात हीच सवय आहे, अर्धा आला की समकडे. त्याला राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, असं स्पष्ट सांगावं लागतं.

मांजराकाठ
होय, तिथंच परत पडलो होतो. डेसिमल केलं अन् सगळ्या टेस्ट हिरव्या, मी खुश, मग ध्यानात आलं हिरव्या म्हणजे चूक तशीच आहे 😄 राउंड हाफ अप दिलं तेव्हा बरोबर ८३ लाल झाल्या. जन्मात पहिल्यांदा लाल बघून बरं वाटलं. त्या ८३ मी अन् ते नवं पोरगं दोघांनी बसून वाचल्या, एकेक, रात्री अकरापर्यंत. प्रत्येकीत तोलाई एक रुपयानं वर अन् निव्वळ रक्कम एक रुपयानं खाली, दुसरं काही हललेलं नाही. मगच कमिट केलं.

अन् गोदातीर दादा, काकांच्या वहीतले वीस हिशोब उचलून वेगळ्या टेस्टमध्ये हातानं लिहिलेत. तुमचं बी ऐकलं.

गोदातीर
वहीतले म्हणजे तर माझ्या हातच्यापेक्षा भारी. काकांचे मागचे पैसे?

मांजराकाठ
दोन वर्षांचा हिशोब काढून दिला मालकाला. मालक आधी म्हणले एकेक रुपयासाठी काय, पण यादी बघितल्यावर गप झाले, सगळ्या मापाड्यांचे मिळून आकडा बराच होता. दिले. शेतकऱ्यांकडून मात्र मागायचे नाहीत असं ठरलं, ते मालकाच्या खिशातून. काका मला म्हणले, आता कॉम्प्युटर रोज माझ्या वहीशी जुळवत जा. म्हणलं तेच तर करतोय काका.

तुळजाई
किती छान. आणि ते हेडिंगचं काय झालं? ‘हमाली व तोलाई’?

मांजराकाठ
मुनीमजी, म्हणजे दुकानातले मुनीमजी, म्हणले तोलाई वेगळ्या ओळीत पाहिजे, हमालीत मिसळायची नाही, त्यामुळंच तर दोन वर्षं कुणाला दिसलं नाही. उद्या पोरगं ते करणार आहे. देवगिरींच्या सल्ल्यानं हेडिंग एकाच फाइलीत ठेवलंय म्हणा, पण ओळ वाढली की आकडे बी सरकणार. परत ३४० लाल.

बालाघाट
चहाला जाऊ देऊ नका त्याला.